पिसांतील धातू आणि प्रदूषणाचा हिशेब

(बनशंकरी, बंगळूरु येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पर्यावरण या विषयाच्या तयारीत 'जैवसूचक' हा शब्द आपल्या वाट्याला बहुधा एका व्याख्येपुरताच येतो. दगडफूल हे त्याचे उदाहरण पाठ केले जाते आणि आपण पुढच्या प्रकरणाकडे वळतो. आज त्याच शब्दाखाली येणाऱ्या, पण पाठ्यपुस्तकात क्वचितच सविस्तर आढळणाऱ्या एका साधनाविषयी बोलावयाचे आहे. ते साधन म्हणजे पक्ष्याचे पीस. पक्ष्यांच्या पिसांतील शिसे, पारा, कॅडमिअम यांसारख्या धातूंचे प्रमाण मोजून परिसरातील प्रदूषणाचा अंदाज घेण्याची पद्धत गेल्या साठ वर्षांत विकसित झाली आहे. माझा विषय अर्थशास्त्र आहे, पक्षिशास्त्र नव्हे. परंतु प्रदूषणाचे मोजमाप कोणी करावे, त्याचा खर्च कोणी उचलावा आणि मोजणाऱ्यावर विश्वास कितपत ठेवावा, हे प्रश्न निःसंशय अर्थशास्त्राचे आहेत.

आर्थर पिगू यांनी १९२० साली 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात मांडलेला विचार तुम्हांस परिचित आहे. उत्पादकाच्या कृतीचा भार तिसऱ्याच व्यक्तीवर पडत असेल, तर त्या भाराएवढा कर उत्पादकावर बसवावा. १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यातील सोळाव्या तत्त्वात हाच विचार आला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बिछडी आणि वेल्लोर या दोन्ही प्रकरणांत 'प्रदूषकाने किंमत मोजावी' हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग म्हणून मान्य केले. उत्तरपत्रिकेत एवढे लिहिले की गुण मिळतात. प्रत्यक्षात मात्र या तत्त्वाची सारी इमारत एका गृहीतकावर उभी आहे. किती प्रदूषण झाले, कोठे झाले आणि केव्हा झाले, हे आपणास ठाऊक आहे असे ते गृहीतक. धुराचा लोट डोळ्यांना दिसतो. पाण्यात विरघळलेले कॅडमिअम दिसत नाही, त्याला वास नसतो आणि त्याचे परिणाम प्रकट होईपर्यंत वर्षे उलटून गेलेली असतात.

भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमिअम ०.००३ मिलिग्रॅम आणि पारा ०.००१ मिलिग्रॅम यांहून अधिक असता कामा नये. हवेतील शिशासाठी २००९ च्या राष्ट्रीय मानकांनी घनमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम ही वार्षिक सरासरीची मर्यादा घातली आहे. मानके आहेत, ती कडकही आहेत. अडचण नमुन्याची आहे. निरीक्षक सकाळी अकरा वाजता नाल्यातून बाटलीभर पाणी घेतो, ते त्या क्षणाचे पाणी असते. सांडपाणी रात्री दोन वाजता सोडले गेले असेल, तर बाटलीला त्याचा पत्ता लागत नाही.

पीस ही नोंदवही कशी होते?

पीस मुख्यत्वे केराटिन या प्रथिनाचे बनलेले असते. आपली नखे आणि केस याच कुळातले. केराटिनमध्ये गंधकयुक्त गट विपुल असतात आणि पारा, शिसे, कॅडमिअम यांसारखे धातू त्या गटांना घट्ट चिकटतात. पीस वाढत असताना त्याला रक्ताचा पुरवठा होत असतो, त्यामुळे त्या काळात रक्तात जे धातू असतील त्यांचा अंश पिसात बांधला जातो. वाढ पूर्ण झाली की रक्तवाहिन्या सुकतात आणि पिसाचा शरीराशी असलेला व्यवहार संपतो. तेथून पुढे पीस म्हणजे बंद केलेले खाते. पक्षी दरवर्षी ठरावीक क्रमाने जुनी पिसे टाकून नवी धारण करतात, म्हणजे नवे खातेही वेळच्या वेळी उघडले जाते.

काही पिसांवर बारकाईने पाहिल्यास एक फिकट आणि एक गडद अशा पट्ट्यांच्या जोड्या दिसतात. सामान्यतः एक जोडी म्हणजे एका दिवसाची वाढ. झाडाच्या खोडातील वर्तुळांवरून जसे वर्ष मोजतात, तसा येथे दिवस मोजता येतो. बाटलीतले पाणी एका क्षणाची साक्ष देते, पीस काही आठवड्यांची सरासरी सांगते, आणि ती सरासरी पक्ष्याच्या आहारातून, म्हणजे अन्नसाखळीतून गाळून आलेली असते. प्रदूषणापासून माणसाला होणारा धोका बऱ्याच अंशी अन्नातूनच येत असल्याने या साक्षीला वेगळे मोल आहे.

पाऱ्याच्या बाबतीत ही पद्धत विशेष विश्वसनीय ठरली आहे. पिसांतील पारा जवळजवळ संपूर्णपणे मिथिल पारा या सेंद्रिय रूपात असतो आणि पक्ष्याच्या शरीरातील एकूण पाऱ्याचा फार मोठा हिस्सा पिसांतच साठतो. पीस टाकणे हा पक्ष्याच्या दृष्टीने विष बाहेर टाकण्याचाही एक मार्ग आहे. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली माणसांतील आजार अधिकृतपणे नोंदला गेला. त्याच्या आधीच तेथील मांजरी झटके येऊन मरू लागल्या होत्या आणि कावळे आकाशातून पडू लागले होते. त्या कावळ्यांची पिसे कोणी तपासली नाहीत.

स्वीडनने मात्र तपासली, आणि तो प्रसंग थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. पेरणीच्या बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून तेथे १९४० च्या दशकापासून अल्किल पाऱ्याची प्रक्रिया केली जात असे. १९५० च्या दशकात शेतांच्या परिसरात पक्षी मरू लागले. बियाणे कंपन्यांचे आणि शेतकऱ्यांचे हितसंबंध गुंतलेले होते, तेव्हा 'पारा निसर्गात पूर्वीपासूनच असतो' हा युक्तिवाद येणे स्वाभाविक होते. त्याला उत्तर द्यायचे तर पूर्वीचा पारा किती होता हे दाखवायला हवे, आणि भूतकाळातील हवा किंवा पाणी आज कोठून आणणार? बर्ग, योनेल्स, स्योस्ट्रांड आणि वेस्टरमार्क या संशोधकांनी संग्रहालयांतील पेंढा भरलेल्या पक्ष्यांकडे मोर्चा वळवला. गोशॉक या शिकारी पक्ष्याची शंभर वर्षांतील पिसे त्यांनी न्यूट्रॉन सक्रियण पद्धतीने तपासली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९४० च्या दशकापर्यंत पाऱ्याची पातळी जवळपास स्थिर होती, त्यानंतर ती दहा पटींहून अधिक वाढली. १९६६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी स्वीडनमध्ये अल्किल पाऱ्याच्या बीजप्रक्रियेवर बंदी आली. बंदीनंतर पिसांतील पारा झपाट्याने खाली आला.

यातील एक तपशील मला अर्थशास्त्रज्ञ म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. मासे खाणाऱ्या पक्ष्यांच्या, म्हणजे ऑस्प्रे आणि मोठ्या पाणडुबीच्या पिसांत पाऱ्याची वाढ १९४० पासून नव्हे, तर विसाव्या शतकाच्या आरंभापासून हळूहळू होत आलेली दिसली. शेतातील पक्ष्यांचा पारा बियाण्यातून आला होता, पाण्याजवळच्या पक्ष्यांचा कारखान्यांतून. एकाच धातूचे दोन आलेख दोन निरनिराळ्या जबाबदार घटकांकडे बोट दाखवत होते. 'किंमत कोणी मोजावी' हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे सुटल्याची उदाहरणे पर्यावरणीय अर्थशास्त्रात फार नाहीत.

बंगळूरुचा प्रश्न

आता आपण ज्या नगरात बसलो आहोत तेथे येऊ. बनशंकरीपासून फार दूर नसलेल्या बसवनगुडीत, नंदी मंदिराच्या परिसरात वृषभावती नदीचा उगम मानला जातो. म्हैसूर रस्त्याला समांतर, केंगेरीवरून ती बिडदीजवळच्या ब्यरमंगल जलाशयात पोहोचते, पुढे अर्कावतीला आणि अर्कावतीमार्गे कावेरीला मिळते. वाटेत तिला शहराचे सांडपाणी मिळते आणि पीण्या औद्योगिक वसाहतीकडून येणारा प्रवाहही. पीण्यात धातूंवर मुलामा देणारे असंख्य लहान कारखाने आहेत. तेथील भूजलात षट्‌संयुजी क्रोमिअम आढळल्याच्या नोंदी आहेत. ब्यरमंगलच्या पाण्यावर शेतकरी जनावरांचा चारा, भाज्या आणि बेबी कॉर्न पिकवतात, आणि त्यातील बरेचसे दूध व भाजीच्या रूपाने शहरात परत येते. शहराने खाली सोडलेले शहराच्याच ताटात येण्याची ही साखळी आहे.

शिशाच्या संदर्भात तर बंगळूरुचे नाव देशाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. येथील जॉर्ज फाउंडेशनने १९९० च्या दशकाच्या अखेरीस सात शहरांत मुलांच्या रक्ताची तपासणी करविली. बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळले. त्या काळी अमेरिकेत हीच धोक्याची पातळी मानली जात असे. पुढे तेथे ती २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५ वर आणली गेली. फेब्रुवारी १९९९ मध्ये शिशाच्या विषबाधेवरील आंतरराष्ट्रीय परिषद याच शहरात भरली आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल विक्रीस आले. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले.

येथे प्रश्न संपला असे कोणास वाटेल. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने मात्र भारतातील सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात शिसे ५ मायक्रोग्रॅमहून अधिक असल्याचा अंदाज दिला. पेट्रोलमधून शिसे गेले, पण जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवण्याचा धंदा वाढला. इन्व्हर्टरशिवाय घर चालत नाही अशा शहरांत तर तो वाढणारच. शिसे मेंदूच्या वाढीवर घाला घालते, म्हणजे बुद्ध्यंक, शालेय प्रगती आणि पुढील आयुष्यातील उत्पन्न यांवर. लोकसंख्येचा लाभांश म्हणून आपण ज्याचा गौरव करतो, त्याच भांडवलाची ही झीज आहे.

मुलांच्या रक्ताची तपासणी हा याचा अचूक उपाय. पण ती खर्चिक आहे, पालकांची संमती लागते आणि शहराच्या प्रत्येक वस्तीत दरवर्षी ती करणे आज तरी आपल्या आवाक्याबाहेर आहे. आधी कोणत्या वस्तीत सुया आणि परिचारिका पाठवायच्या, हे ठरवण्यासाठी स्वस्त चाळणी हवी. ती चाळणी पीस होऊ शकते.

पक्षी कोणता निवडावा, हे कोणता प्रश्न विचारायचा आहे त्यावर अवलंबून राहील. वस्तीतील धूळ आणि शिसे तपासायचे तर पारव्यासारखा पक्षी नाही. तो फार दूर जात नाही, माणसाच्या अवतीभवतीच दाणे टिपतो, पचनासाठी बारीक खडे गिळतो आणि त्याच्या पंखाची दहा प्रमुख पिसे आतून बाहेर एकामागून एक काही महिन्यांत बदलतात. वृषभावतीचे पाणी तपासायचे तर ढोकरी, पाणकावळा, खंड्या असे मासे खाणारे पक्षी हवेत. मंड्या जिल्ह्यातील कोक्करेबेळ्ळूर या गावात पेलिकन आणि रंगीत करकोचे शतकानुशतके गावातल्या झाडांवर घरटी करीत आले आहेत. भोवतालच्या तळ्यांतील मासे खाऊन वाढलेली त्यांची पिल्ले त्या तळ्यांचा उत्तम नमुना आहेत. पिल्लाचे पीस तर अधिकच चांगले, कारण ते त्याच परिसरात आणि माहीत असलेल्या काही आठवड्यांतच वाढलेले असते.

येडियूर तळ्याचेही नाव घेतले पाहिजे. बनशंकरी-जयनगरच्या या भागात गौरी-गणेशाच्या मूर्तींचे विसर्जन तेथे होते. मूर्तींच्या रंगांतून शिसे, क्रोमिअम यांसारखे धातू पाण्यात उतरतात, म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२० मध्ये ती सुधारली. स्वतंत्र विसर्जन कुंडांचा उपयोग झाला की नाही, हे मुख्य तळ्यावरच्या पक्ष्यांच्या पिसांतून दोन-तीन वर्षांत दिसू शकते. आपल्या महाराष्ट्रात गणेशोत्सवाचा विस्तार पाहता ही कल्पना ठाणे किंवा पुणे महापालिकेलाही उपयोगी पडावी.

भारतात ही वाट अगदीच अनोळखी नाही. कोइमतूरच्या सलीम अली पक्षिविज्ञान व निसर्गविज्ञान केंद्रातील मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निलगिरी जिल्ह्यातील सहा जातींच्या पक्ष्यांच्या पिसांतील जड धातूंचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. निलगिरी म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे थंड हवा आणि स्वच्छ डोंगर येतात. पण तेथे चहाचे विस्तीर्ण मळे आहेत आणि चहावरील रोगासाठी ताम्रयुक्त बुरशीनाशके फवारली जातात. कारखाना नाही म्हणून धातू नाही, असे समजण्याचे कारण नाही.

मर्यादा

एवढे ऐकून पिसाला सर्वज्ञ ठरवू नका. शिशाच्या बाबतीत सर्वांत मोठी अडचण ही की, पिसात रक्तातून आलेले शिसे आणि बाहेरून धुळीने चिकटलेले शिसे वेगळे करणे कठीण जाते. नमुना ॲसिटोन आणि शुद्ध पाण्याने वारंवार धुतला जातो, तरी सर्व शिसे निघून जात नाही. पाऱ्याच्या बाबतीत ही अडचण फारशी नाही, म्हणून स्वीडनचे यश शिशाला जसेच्या तसे लागू करता येत नाही.

दुसरी अडचण रंगाची. गडद पिसांतील मेलॅनिन धातूंना बांधून ठेवते. पॅरिसच्या पारव्यांवर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गडद पक्ष्यांच्या पिसांत जस्त अधिक आढळले. तेव्हा एका वस्तीतून काळे आणि दुसरीतून पांढरे पारवे घेतले, तर आपण प्रदूषणाची नव्हे, रंगाची तुलना करू. स्थलांतराचा प्रश्नही आहे. हिवाळ्यात बंगळूरुच्या तळ्यांवर येणाऱ्या बदकाचे पीस मध्य आशियात वाढलेले असू शकते. ठाण्याच्या खाडीतील रोहित पक्षी पाहून अनेकांच्या मनात हाच विचार येतो, पण त्यांचे पीस कच्छच्या रणात उगवले की खाडीत, हे ठरवल्याशिवाय त्यातल्या शिशाचा दोष मुंबईच्या माथी मारता येणार नाही. संग्रहालयातील जुन्या नमुन्यांत आणखी एक सापळा असतो. पूर्वी पक्ष्यांची कातडी टिकवण्यासाठी आर्सेनिकयुक्त साबण आणि पाऱ्याचे क्षार वापरीत. अशा पिसांत आर्सेनिक मोजणे व्यर्थ. पारा मोजायचा तर मिथिल पाराच वेगळा काढून मोजावा लागतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अल्बट्रॉसच्या अभ्यासात तसेच केले गेले आणि उत्तर प्रशांत महासागरातील सव्वाशे वर्षांचा आलेख हाती आला.

अमेरिकेतील जोआना बर्गर आणि मायकेल गॉकफेल्ड यांच्या संशोधनाच्या आधारे पिसात शिसे दशलक्ष भागांत ४ आणि पारा ५ भागांहून अधिक असल्यास पक्ष्याला अपाय संभवतो असे मानले जाते. हा पक्ष्याच्या आरोग्याचा उंबरठा आहे, बालकाच्या नव्हे. मुख्य परीक्षेच्या उत्तरांत हे दोन आकडे एकमेकांच्या जागी लिहिलेले मी पाहिले आहेत.

मग एवढ्या मर्यादा असताना त्याचा उपयोग काय? उत्तरासाठी गुजरातमधील एका प्रयोगाकडे पाहू. कारखान्यांचे पर्यावरण लेखापरीक्षण करणारे परीक्षक पूर्वी कारखानेच नेमत आणि त्यांना पैसेही कारखानेच देत. साहजिकच बहुतेक आकडे मानकाच्या किंचित खाली येत. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने काही कारखान्यांसाठी परीक्षक सोडतीने नेमले, त्यांचे मानधन एका सामाईक निधीतून दिले आणि काही मोजमापांची स्वतंत्र फेरतपासणी ठेवली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार परीक्षक अधिक खरे आकडे देऊ लागले आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. दंडाची रक्कम वाढलेली नव्हती. आपला आकडा कोणी तरी पडताळून पाहील, ही शक्यता तेवढी वाढली होती.

पीस ही अशी फेरतपासणी होऊ शकते. तिला कारखान्याच्या फाटकातून आत जाण्याची परवानगी लागत नाही, ती कोणाच्या पगारावर नाही आणि रात्री सोडलेले सांडपाणीही तिच्यात नोंदले जाते. न्यायालयात एखाद्या कारखान्याविरुद्ध एकटा पुरावा म्हणून ती टिकणार नाही, आणि टिकावी अशी अपेक्षाही करू नये. एका प्रवाहावरच्या पक्ष्यांत कॅडमिअम वाढत असताना त्याच प्रवाहावरील सर्व कारखान्यांचे अहवाल निर्दोष असतील, तर महागडी यंत्रे आणि निरीक्षक कोठे पाठवायचे हे मात्र ती सांगेल.

याला पैसा कोणी द्यावा? अशी नोंद ही शुद्ध सार्वजनिक वस्तू आहे. एकाने वापरली म्हणून दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि कोणालाही तिच्यापासून वगळता येत नाही, त्यामुळे खासगी बाजार ती पुरेशी निर्माण करणार नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पंचवीस हजारांहून अधिक पक्ष्यांचे नमुने आहेत. १८८३ साली स्थापन झालेल्या संस्थेने ते जमवले तेव्हा धातूंचा विचार कोणाच्या मनात नव्हता. पेट्रोलमध्ये शिसे होते त्या काळातील मुंबईचा कावळा आणि आजचा कावळा यांची तुलना करावयाची, तर पहिला कावळा केवळ अशा कपाटातच मिळेल. आज २००० पूर्वीची धूळ पुन्हा गोळा करता येणार नाही. तसेच आजचा नमुनाही ठिकाण आणि तारीख लिहून ठेवला नाही, तर २०५० मध्ये तो विकत मिळणार नाही.

व्याख्यानापूर्वी एका विद्यार्थिनीने विचारले होते की, गच्चीवर पडलेली पिसे गोळा करून प्रयोगशाळेत दिली तर चालतील का. पडलेल्या पिसाचे वय आणि त्या पक्ष्याचा वावर सहसा कळत नाही, म्हणून शास्त्रज्ञ शक्य तेथे पक्षी पकडून, छातीची चार-पाच पिसे काढून त्याला सोडून देतात. छातीची पिसे गेल्याने उडण्यात अडथळा येत नाही आणि ती लवकर परत येतात. दुसरी बाब कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण वन्य पक्ष्यांच्या शरीराच्या भागांनाही आहे. मोराच्या शेपटीच्या पिसांना देशांतर्गत सवलत आहे, ती सर्व पक्ष्यांना लागू होत नाही. तेव्हा पक्षी पकडण्यासाठी आणि नमुने बाळगण्यासाठी वन विभागाची परवानगी आधी घ्यावी लागते. महाविद्यालयाने प्रकल्प म्हणून अर्ज केला तर ती मिळू शकते. त्या अर्जात पक्ष्याची जात, नमुन्यांची संख्या, जागा आणि नमुने कोणत्या प्रयोगशाळेत जाणार हे स्पष्ट लिहावे.